एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर

वडगावात आमच्या माळ्याच्या भिंतीपलीकडे
दिवसभर पॉवरलूम चालतो,
खटक्-खट, खटक्-खट,
आणि त्याच ठोक्यावर माझा कॅनव्हास थरथरतो.
सरळ रेघ ओढायची तर
करंट जायची वाट बघावी लागते.

ॲक्रिलिकला मात्र वाट बघणं ठाऊक नाही.
मार्चचं ऊन पत्र्यातून खाली आलं
की ताटलीतच त्याच्यावर साय धरते,
फोन घ्यायला उठावं, तोवर ब्रशचे केस ताठ.
आप्पांचा ऑइलपेंट दोन-दोन दिवस ओला असायचा.
त्यात चिलटं बसायची, रस्त्याची धूळ बसायची,
कधी कुणाचं बोटही,
"वाळला काय गा?" म्हणून विचारायला आलेलं.

हा सुकला की गडद होतो.
म्हणून मी आता हवा त्याहून फिकाच घेते,
आई झंपराचं माप देताना
एक बोट सैल सांगायची, तसा.

खानापूरच्या कौलभट्टीतून आणलेला भुगा
जेलमध्ये कालवून बघितला: जमला.
निपाणीच्या तंबाखूची पूड: चार दिवस शिंका,
आणि हिरव्याला आलेला एक मळकट राग,
जो मला तेव्हापासून हवाच असतो.
कुंद्याच्या खोक्याचा पुठ्ठा: तूप पाझरलं, फुकट गेला.

आप्पांच्या दुकानात सतरा पत्रे निघाले,
कुणी न्यायला न आलेले.
त्यातला एक कापून चित्रात बसवायचा होता.
वर रंग दिला. सकाळी नखानं उचलला
तर अख्खा पापुद्रा हातात,
उन्हानं सोललेल्या पाठीसारखा.
तेलावर पाणी बसत नाही,
हे शाळेत शिकलेलं, तरी परत शिकले.

रुद्रव्वा हणबर मागावरची तुटकी सुतं घेऊन आली होती,
खळ लावलेली, कडक, जांभळी.
दारातूनच म्हणाली, "काय करूलालीस गे?
आदी घासून घे की. चकचकीत अंगावर
कोण चिकटतंय?"

म्हणून घासत बसले.
एकशेवीस नंबरचा पेपर, पाण्याचा मग.
वरची कन्नड अक्षरं गेली, गोल, गुबगुबीत,
खालून मराठी निघाली, शिरोरेघेला लटकलेली,
तिच्या खाली परत कन्नड, बारीक,
आणि तळाशी रेड ऑक्साइड.
पिठाची गिरण एकच.
बोर्ड बदला म्हणणारे दर वेळी वेगळे,
रंगवणारे दर वेळी आप्पाच,
आणि मजुरी, देव त्यांचं भलं करो, तिन्ही वेळा रोख.

मध्येच थांबले. सगळं घासायचं नव्हतं.
एका जागी तिन्ही थर थोडे-थोडे उरलेत,
कुठल्याच भाषेत वाचता येत नाहीत,
पण 'ळ'ची शेपूट दोन्हीकडे आप्पांचीच आहे,
डावीकडे जरा जास्त ओढलेली.

त्याच्या बाजूला मी लाल लावला, मग पिवळा.
घरमालक तम्माण्णा जिन्यातच थबकले:
"हे बघ, माझ्या घरात झेंड्याचं काही नको."
म्हणून दोन्ही ओले असतानाच
सपाट ब्रशनं एकात एक ओढले.
झालं केशरी.
तम्माण्णा बघतच राहिले.
"आता हे तर त्याहून..." म्हणाले,
आणि चप्पल न घालताच खाली गेले.

मी हसले नाही. रंग सुकत होता.

जांभळी सुतं मीडियममध्ये बुडवून
पत्र्यावरून कॅनव्हासवर आणली.
मीडियम दुधासारखा पांढरा,
सुकेपर्यंत सगळं झाकून ठेवतो;
मग हळूहळू सुतं दिसायला लागतात.
एक कोपरा अजूनही उचलतोय.
त्याच्यावर दळणाच्या दगडाचा तुकडा ठेवलाय.

चार वाजता करंट गेला.
लूम थांबला. गल्लीत एकदम
कुणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या.
मी धावत ब्रश उचलला, रेघ ओढली.
वाकडीच आली.
हात अजून त्या ठोक्यातच होता.